बाळाचं वजन एकाच काट्यावर करा

कोल्हापुरात बारशाला आलेली एखादी मावशी बाळ हातात घेऊन म्हणतेच, "अगं, दूध पुरत नाही वाटतं!" माझ्या लेकीच्या वेळी हे ऐकून मी रात्ररात्र रडायची. म्हणून कळकळीनं सांगते, आठवड्यातून एकदा, लंगोट काढून, दरवेळी त्याच काट्यावर वजन करा. अंगणवाडीतला टांगता काटा आणि दवाखान्यातला टेबलावरचा, यांत सहज फरक पडतो.

पहिले काही दिवस वजन थोडं उतरतंच. साधारण २ आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर येतं. पुढे ३ महिने दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली. रोज मोजायची ती शू. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत ६ किंवा जास्त ओले लंगोट, शू फिक्या रंगाची, म्हणजे दूध पोटात जातंय. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. पाजताना खूप दुखत असेल तर बहुधा बाळाची स्तनावरची पकड चुकतेय. तोंड मोठं उघडून नुसतं टोक नव्हे, भोवतीचा काळा भागही आत जायला हवा. गुटी, मध, वरचं पाणी अजिबात नको.

शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, तर थांबू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.