जुन्या लायोनेल गाडीची शिट्टी वाजत नाही? आधी रिले दाबून बघा

लायोनेल म्हणजे विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या आगगाड्या. १९३५ पासूनच्या या जुन्या गाड्यांची शिट्टी इंजिनात नाही, मागच्या टेंडरमध्ये (इंजिनाला जोडलेल्या कोळशाच्या डब्यात) असते. छोटी मोटर पंखा फिरवते आणि हवेने शिट्टी वाजते. रूळांवर एसी वीज असते. बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर त्यात थोडं डीसी मिसळतो, टेंडरमधला रिले (विजेने ओढला जाणारा छोटा स्विच) ओढला जातो आणि मोटर सुरू होते. म्हणजे बिघाड टेंडरमध्ये की ट्रान्सफॉर्मरमध्ये, हे आधी कळायला हवं. नाहीतर चांगली मोटर उगाच उघडली जाते.

१. इंजिन बाजूला काढा. टेंडरचं कवच उतरवून टेंडर एकटंच रुळावर ठेवा.
२. वीज चालू करून आइस्क्रीमच्या काडीने रिलेची हलणारी पट्टी दाबा.
३. शिट्टी वाजली तर मोटर ठणठणीत. वीज बंद करून जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, रिलेच्या संपर्कबिंदूंमधून दोनतीनदा ओढा. तरीही बटणाने वाजत नसेल तर संशय ट्रान्सफॉर्मरवर. जुन्या ट्रान्सफॉर्मरमधली रेक्टिफायरची (एसीचं डीसी करणारी) चकती बऱ्याचदा दगा देते.
४. काडीने दाबूनही गप्प? मग आधी टेंडरखालचे, रुळातून वीज घेणारे रोलर पुसा, नंतर मोटरचे ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो फिरता भाग, म्हणजे कॉम्युटेटर. बहुतेक वेळा तिथे काळा, चिकट थर सापडतो.

बेअरिंगला तेल द्यायचं तर सुईच्या टोकावरचा एकच थेंब. ते कॉम्युटेटरवर ओघळलं की पुन्हा सगळं पुसत बसा.