न भरणारी जखम: घरी ड्रेसिंग करताना ओल कशी सांभाळावी

महिना-दीड महिना उलटूनही जखम भरत नसेल तर आत काहीतरी तिला अडवतंय. शिरांमधलं रक्त पायात साचतंय, धमनीतून पुरेसं रक्त येत नाही, साखर वाढलेली आहे, किंवा एकाच जागेवर सतत दाब पडतोय. हे कारण डॉक्टरांनी शोधलंय आणि त्यावर उपचार चालू आहेत, असं धरून पुढचं लिहिलंय. ते झालं नसेल तर आधी ते करा. नुसत्या ड्रेसिंगने अशी जखम भरत नाही.

एक सल्ला पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका: 'जखम उघडी ठेवा, हवा लागू दे, खपली धरू दे.' खरचटलेल्या गुडघ्याचं या सल्ल्याने फारसं बिघडत नाही, पण जुनाट जखमेचं होतं. नवी कातडी कडेकडून आत सरकत येते आणि तिला सरकायला ओलसर पृष्ठभाग लागतो. वर खपली असली की तिला खालून वाट काढावी लागते. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली डुकरांवरच्या प्रयोगात हेच दाखवलं: झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने कातडी आली. याला एक अपवाद आहे. टाचेवर किंवा बोटावर कोरडी, टणक, काळी खपली असेल आणि पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर ती भिजवू नका, सोलू नका, कोरडीच ठेवा.

हात धुवा. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी अर्धा-एक तास आधी घ्या. जुनं ड्रेसिंग चिकटलं असेल तर सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मगच उचला. ओढून काढलं की आठवडाभरात धरलेली नवी कातडी त्याच्याबरोबर निघून येते. धुवायला कोमट सलाइन किंवा पिण्यायोग्य स्वच्छ पाणी पुरतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट जखमेत अजिबात नको, कारण जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. पावडरही नको, तिचे गठ्ठे आत बसतात. कापसाचे तंतू अडकतात, म्हणून गॉजच (जाळीदार सुती कापड) वापरा. आजूबाजूची कातडीही सौम्य साबणाने धुवा. तिथल्या पापुद्र्यांकडे कुणी बघत नाही.

आता अवघड भाग. 'ओलसर ठेवा' असं सगळे सांगतात, पण किती ओलसर ते कुणी सांगत नाही. जखमेचा तळ ओला आणि कडेची कातडी कोरडी, एवढंच साधायचं असतं आणि घरी बहुतेक जण नेमके इथेच चुकतात. मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही. काढलेलं ड्रेसिंग सरळ कचऱ्यात टाकू नका. ते उलटं करून उजेडात धरा, मग कडेची कातडी पाहा.

ड्रेसिंगची आतली बाजू कोरडी आणि कडक झालेली, रक्ताचे ठिपके लागलेले, काढताना दुखलं: जखम सुकतेय. हायड्रोजेल (ओल देणारा पाणीदार जेल) किंवा पॅराफिनची जाळी (मेणचट मलम लावलेलं, न चिकटणारं जाळीचं कापड) घाला, किंवा ड्रेसिंग बदलण्यातलं अंतर वाढवा. ओलसर डाग मध्यभागी, जखमेहून थोडा मोठा, कडा कोरड्या: बरोबर चाललंय, काहीही बदलू नका. डाग पार कडेपर्यंत गेलेला, आणि जखमेभोवतीची कातडी पांढरी, फुगीर, सुरकुतलेली, जशी खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांची होते: लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी, बाहेर पसरतेय. ही भिजलेली कातडी सहज फाटते आणि जखम मोठी होते. जुनाट जखमेच्या लशीत पेशींना बांधणारी प्रथिनं तोडणारे एन्झाइम असतात, त्यामुळे ती साध्या पाण्यापेक्षा जास्त नुकसान करते.

अशा वेळी लोक वर आणखी गॉजचे थर चढवतात. तसं करू नका. ओल्या गॉजवर कोरडं गॉज ठेवलं तरी कातडी भिजलेलीच राहते. जास्त शोषणारं ड्रेसिंग घ्या, म्हणजे अल्जिनेट (समुद्री शेवाळापासून केलेलं, लस शोषून जेल होणारं ड्रेसिंग) आणि त्यावर फोम (स्पंजासारखं ड्रेसिंग), किंवा बदलण्यातलं अंतर कमी करा. फोमवरचा डाग कडेपासून दोनेक सेंटिमीटरवर आला की बदला, ठरलेल्या दिवसाची वाट पाहू नका. कडेच्या कातडीवर बॅरिअर क्रीमचा (कातडीला ओलीपासून वाचवणाऱ्या मलमाचा) पातळ थर द्या. जाड थर दिला तर ड्रेसिंग चिकटतही नाही आणि शोषतही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन ड्रेसिंगपर्यंत परिणाम पाहा. रोज नवं काहीतरी लावलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

लस अचानक वाढली तर ड्रेसिंगला दोष देण्याआधी पाय पाहा. दिवसभर लटकवून बसल्याने सूज आली असेल तर ते पाणी जखमेतूनच झिरपतं. पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवून झोपल्यावर ती बहुतेकदा उतरते. सूज नसताना लस वाढली तर जंतुसंसर्गाचा संशय घ्या.

हायड्रोकोलॉइड (लस शोषून जेल होणारं चिकट ड्रेसिंग) काढल्यावर दिसणारा पिवळसर, वास येणारा चिकट थर पू नसतो, ते ड्रेसिंगच विरघळलेलं असतं. वासाचा निर्णय जखम धुतल्यानंतरच करा.

जखम खोल असेल तर पोकळी हलकेच भरा. ठासून भरलं की आतला रक्तपुरवठा दबतो. शक्यतो एकच लांब पट्टी वापरा आणि तिचं टोक बाहेर ठेवा, नाहीतर एखादा तुकडा आत राहून जातो. वरचं ड्रेसिंग कडेपासून सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटर पुढे जायला हवं. टेप कागदी घ्या, आणि काढताना वर न ओढता कातडीला समांतर सोडवा.

मधुमेहामुळे तळव्याला जखम असेल तर तिच्यावर चालणं बंद. सोबत दाब कमी करणारं पादत्राण किंवा प्लास्टर हवंच. घट्ट दाबाची पट्टी मात्र धमन्यांची तपासणी झाल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बांधू नका.

आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी, लांबी आणि रुंदी मोजा आणि बाजूला मोजपट्टी धरून फोटो काढा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास उतरलं नाही तर ते फोटो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि उपचार बदलायचा का ते विचारा. लाली जखमेबाहेर पसरत चालली, ठणका वाढला, ताप आला, धुतल्यावरही दुर्गंधी राहिली, किंवा जखमेच्या तळाशी हाड दिसू वा लागू लागलं, तर चार आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मधुमेहात संवेदना गेलेल्या पायाला ठणका जाणवत नाही, म्हणून तिथे लाली आणि सूज एवढ्यावरच निघायचं.