कंपाइलसाठी लॅपटॉप घेताय? प्रोसेसर असा तपासा

मी ऐरोलीला राहते, काम सी प्लस प्लसचं, दिवसातून चार-पाच वेळा तरी पूर्ण बिल्ड मारावा लागतो, म्हणजे सगळा कोड कंपाइल करून (मशीनच्या भाषेत बदलून) त्याचा प्रोग्राम बनवावा लागतो, म्हणून हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा. पहिलं सांगते, आय५ की आय७ ह्यात अडकू नका, नंबरच्या शेवटचं अक्षर बघा. उदाहरणार्थ इंटेलची १२वी जनरेशन बघा, आय७-१२५५यू मध्ये २ मोठे आणि ८ छोटे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), १५ वॉटचा, आणि आय५-१२५००एच मध्ये ४ मोठे, ८ छोटे, ४५ वॉटचा. लांबलचक बिल्डला हा आय५ त्या आय७ला मागे टाकतो. एएमडीच्या लॅपटॉपवाल्या ७००० सिरीजमध्ये तिसरा आकडा झेनची, म्हणजे कोअरच्या डिझाइनची, पिढी सांगतो, रायझन ५ ७५२०यू म्हणजे झेन २ आणि फक्त ४ कोअर, ७५३०यू म्हणजे झेन ३ आणि ६ कोअर. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि दोन्हीवर रायझन ५च लिहिलेलं, तेव्हा पूर्ण नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता खरी टेस्ट. ऑफिसमध्ये किंवा मित्रमंडळींत कोणाकडे तो लॅपटॉप असेल तर तासभर मागून घ्या आणि त्यावर स्वतःचाच प्रोजेक्ट बिल्ड करा, कारण बेंचमार्कचा स्कोअर दुसऱ्याच्या कोडचा असतो. तुमच्या आणि त्या लॅपटॉपवर कमिट (कोडची नोंदवलेली आवृत्ती) तोच, कंपायलरचं व्हर्जन तेच, डिबग बिल्ड तर दोन्हीकडे डिबग, सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुन्हा वापरणारं टूल) बंद, चार्जर लावलेला. प्रोसेसरचे जेवढे थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) तेवढा बिल्डच्या कमांडमध्ये -j चा आकडा द्या आणि लिनक्स किंवा मॅकवर कमांडच्या आधी time लावा. शेवटी रिअल (घड्याळातला वेळ), यूजर (सगळ्या कोअरनी मिळून तुमच्या कामाला दिलेला वेळ) आणि सिस असे तीन वेळ येतात, बहुतेक जण फक्त रिअल बघतात पण मजा दुसऱ्यात आहे, यूजरला रिअलने भागा. समजा रिअल ५ मिनिटं आणि यूजर ४० मिनिटं, म्हणजे सरासरी ८ थ्रेड कामाला लागले होते. १६ थ्रेडच्या मशीनवर हा भागाकार ३च्या आसपास येत असेल तर तुमचा बिल्ड कुठेतरी रांगेत उभा आहे, बहुतेक लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली जोडून एक प्रोग्राम बनवण्याच्या शेवटच्या टप्प्याला, कारण फाइली वेगवेगळ्या कोअरवर कंपाइल होतात पण जुना लिंकर एकाच कोअरवर चालतो. तिथे जास्त कोअरला पैसे घालू नका, एका कोअरचा स्पीड बघा आणि लिंकर बदला, मोल्ड नावाचा वेगवान लिंकर वापरून बघाच.

आणि हे कृपया टाळू नका, बिल्ड लागोपाठ पाच वेळा करा. प्रोसेसर सुरुवातीला थोडा वेळ जास्त वॉट ओढतो, मग गरम झाला की खाली येतो, आणि रिव्ह्यूवाले बहुतेक एसीत बसून टेस्ट करतात. मे महिन्यात आमच्या खोलीत दुपारी नुसता पंखा, खाडीकडून येणारी ती चिकट हवा, मागच्या वर्षी माझ्या पातळशा लॅपटॉपवर पहिल्या आणि पाचव्या बिल्डमध्ये जवळजवळ दोन मिनिटांचा फरक पडला, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं. तोच प्रोसेसर मैत्रिणीच्या जाड, दोन पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये पाचही वेळा जवळपास सारखाच चालला. म्हणून मी पाचवा आकडा धरते, पहिला नाही. पंखाच नसलेला लॅपटॉप, म्हणजे मॅकबुक एअर वगैरे, छोट्या बिल्डला छान पण रोज वीस मिनिटांचा बिल्ड असेल तर पंखेवालाच घ्या.

विंडोजवर असाल तर बिल्डचा फोल्डर अँटीव्हायरसच्या स्कॅनमधून वगळून मग मोजा, नाहीतर तुम्ही स्कॅनच मोजत बसाल.

रॅमचं पण बघा, कोडमध्ये टेम्प्लेट (सी प्लस प्लसमधले कोडचे साचे) भरपूर असतील तर एकेक कंपायलर प्रोसेस १ जीबी सहज खाते, १६ थ्रेड आणि ८ जीबी रॅम म्हणजे स्वॅप (रॅम पुरेना म्हणून हळू डिस्कचा वापर) सुरू आणि मग कितीही भारी प्रोसेसर असो, तो वाटच बघत बसणार. रॅम सोल्डर केलेली, म्हणजे नंतर बदलता न येणारी, आहे का ते आधी विचारा, असेल तर १६ नको, सरळ ३२ जीबीचाच घ्या.