हॉकवीड मूळचं की बाहेरून आलेलं?

उत्तर अमेरिकेच्या कुरणात हॉकवीड हे रानफुलाचं रोप फुललेलं दिसलं, तर आधी रंग बघा. नारिंगी-लाल फूल असेल तर ते युरोपातूनच आलेलं, आणि पश्चिमेकडच्या डोंगरात पांढरं असेल तर तिथलंच. खरी पंचाईत पिवळ्यांची. त्यांच्या फुलाकडे कितीही टक लावली तरी उपयोग नाही, सरळ खाली वाका.

बुंध्याशी स्ट्रॉबेरीसारखे जमिनीवर पसरणारे रनर दिसले, तर बाहेरचं नक्की. मूळच्या जातींना ते फुटत नाहीत. पण रनर नाहीत म्हणजे मूळचंच, असं धरून चालू नका. काही युरोपीय जातींनाही ते नसतात. मग देठ तपासा. पानं बहुतेक तळाशीच, देठ जवळपास उघडा आणि टोकाला फुलांचा दाट झुबका असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. मूळच्या बऱ्याच जातींत देठावर वरपर्यंत पानं असतात आणि फुलं फांद्यांवर मोकळी विखुरलेली. उंच पर्वतांवरच्या एका मूळ जातीची पानं मात्र तळाशीच असतात.

देठ तोडून चीक बघण्यात अर्थ नाही, तो दोन्हींत पांढराच निघतो. आणि खात्री होण्याआधी उपटू नका. बाहेरचं ठरलं तरी उपटताना जपून: रनरचा तुकडा मातीत राहिला तरी पुन्हा रुजतो.