आजोबांचा चाकू नवा करू नका, चालता करा

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की कपाटं आवरली जातात, आणि एखाद्या खणात जुन्या किल्ल्या, बंद पडलेलं घड्याळ, चष्म्याचं घर यांच्या संगतीत घडीचा चाकू सापडतो. पातं अडकलेलं असतं, मूठ चिकट झालेली असते. मग एखादा उत्साही पुतण्या पुढे होतो, चाकू ग्राइंडरला लावतो आणि पाच मिनिटांत लखलखीत करून आणतो. लखलखीत होतो खरा, पण चाकू म्हणून तो तिथेच संपलेला असतो. हे सगळं त्या पुतण्यासाठी लिहितेय.

मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारांच्या विभागात, काम करते. दिवसभर हातात कटर, ड्रिल आणि धारेचे दगड असतात, त्यामुळे नात्यागोत्यातले झाडून सगळे जुने चाकू माझ्याकडेच येतात. माझे स्वतःचे म्हणावेत असे तीन. आजोबांचा दोन पात्यांचा, हाडाच्या मुठीचा. बाबांचा लाल स्विस. आणि आईचा छोटासा, ज्यानं तिनं नोकरीभर ड्रॉइंगच्या पेन्सिली तासल्या. बायका चाकू बाळगत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आईची पर्स उघडून बघायला हवी होती.

पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. तेल नाही, घासणं नाही. उजेडात धरून दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पातं नीट बघा. आईच्या चाकूचं पातं मुठीजवळ खोल झिजलंय आणि टोकाला जवळजवळ कोरं आहे, कारण पेन्सिल अंगठ्याच्या जवळच तासली जाते. आजोबांच्या मोठ्या पात्याचा उतार एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद. धार लावताना एका हाताचा जोर जास्त पडला की असं होतं. टोक तुटकं असेल तर बहुधा त्यानं कधीतरी स्क्रू फिरवलेला असतो किंवा डब्याचं झाकण उचकटलेलं असतं. हे सगळं पॉलिशमध्ये जातं आणि परत येत नाही.

पात्याच्या बुंध्यावर, म्हणजे जिथे ते मुठीत शिरतं तिथे, ठसा असतो. भिंगातून वाचा. गावाचं किंवा देशाचं नाव दिसलं तर काळाचा थोडा अंदाज लागतो. अमेरिकेनं १८९० च्या मॅकिन्ले कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यानंतर 'इंग्लंड', 'जर्मनी' असे ठसे सर्रास दिसू लागले. 'झोलिंगेन' हे जर्मन गावाचं नाव १९३८ पासून कायद्यानं राखीव आहे, पण ते त्याआधीही चाकूंवर येतच होतं, तेव्हा एवढ्यावरून साल ठरवू नका. स्विस चाकूवर 'इनॉक्स', म्हणजे स्टेनलेस, असं दिसलं तर तो १९२१ नंतरचा धरायला हरकत नाही. ठसा पुसट असेल तर त्यावर पॉलिश पेपर फिरवू नका. खडूची पूड बोटानं चोळली की अक्षरं वर येतात.

आता पोलाद कोणतं ते ओळखा. लोहचुंबक लावून बघायचा सल्ला सगळे देतात आणि तो निरुपयोगी आहे. चाकूचं स्टेनलेसही बहुतेक वेळा चुंबकाला चिकटतं. रंग बघा. करडा, निळसर, काळपट, ठिकठिकाणी ढगाळ असेल तर साधं कार्बन पोलाद. इतक्या वर्षांनीही पांढरं चकचकीत असेल तर स्टेनलेस. 'स्टेनलेस', 'इनॉक्स', 'रोस्टफ्राय' यातलं काही कोरलेलं असेल तर प्रश्नच मिटला.

पातं उघडत नसेल तर पक्कड बाजूला ठेवा. नखाची खाच तुटली किंवा पातं मधेच मोडलं की त्यावर इलाज नाही. जुन्या घडीच्या चाकूत पाठीला पोलादी चाप असतो, तो पात्याच्या बुंध्यावर दाबून बसतो, आणि पातं एका खिळीभोवती फिरतं. गंज धरतो तो या खिळीच्या आणि चापाच्या सांध्यात. तिथे पातळ मशीन ऑइलचा, शिलाई मशीनला घालतात तोच, एक थेंब सोडा आणि चाकू रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पुन्हा थेंब. नखानं हलकं खेचा, केसभर हललं तरी तिथेच थांबा, परत मिटवा, परत खेचा. तपकिरी चिखल बाहेर येऊ लागेल, तो जुन्या सुती फडक्यानं टिपत राहा. घाई नसेल तर बहुतेक चाकू असे सुटतात.

लाकडी मुठीचा, पुढे फिरती कडी असलेला, ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूसारखा चाकू मात्र वेगळ्या कारणानं अडकतो. त्याच्या पाठीला चाप नसतोच. ओल लागून लाकूड फुगतं आणि पात्याला आवळतं. तिथे तेल ओतून काही होत नाही. आठवडाभर कोरड्या, सावलीच्या जागी राहू द्या. त्यानंतर कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टकटक आपटलं की पातं आपोआप थोडं बाहेर येतं. जुन्या लोकांची ही युक्ती आहे. कडीच नसेल तर तो १९५५ च्या आधीचा असू शकतो, कारण पातं अडकवणारी कडी त्या वर्षी आली. लहान आकारांना मात्र आजही कडी नसते.

चाकू उघडला की आतली खोबण बघा. खिशातला कापसाचा भुगा, धूळ आणि तेल मिळून तिथे घट्ट थर झालेला असतो आणि तोच ओल धरून ठेवतो. लाकडी टूथपिकनं काढा, सुईनं नको. आईच्या चाकूतून निघालेला सगळा थर काळा चकचकीत होता, निव्वळ शिसपेन्सिलीचा. तो मात्र तिथे वंगणाचंच काम करत होता!

गंज आणि काळसरपणा यांत गल्लत करू नका. लाल, भुसभुशीत, बोटाला लागतो तो गंज. तो पोलाद खात जातो, त्याला काढायलाच हवं. करडा-काळा, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरानं पात्यावर बसलेली झिलई, आणि ती पुढच्या गंजाला थोपवते. ती राहू द्या. लाल गंजावर तेल टाकून अगदी बारीक, शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या स्टील वूलनं हलक्या हातानं, पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासा. थोडासाच डाग असेल तर शाईचा खोडरबरही चालतो. व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा सल्ला ऐकू नका. गंज जातो, पण झिलईही जाते आणि खिळीच्या सांध्यात आम्ल राहून पुन्हा गंज धरतो. खोल खड्डे पडले असतील तर पडू द्यात. ते घालवायचे म्हणजे त्यांच्या खोलीइतकं पोलाद सगळ्या पात्यावरून उतरवायचं.

मुठीबद्दल थोडक्यात. हाड, शिंग, लाकूड यांना पाण्यात कधीच बुडवू नका. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात चालतो, पण ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून वाळवा. आतल्या पितळी पत्र्यांवरचा हिरवा कळंक टूथपिकनं आणि तेलानं निघतो. स्विस चाकूची लाल प्लास्टिकची मूठ ही मात्र खुशाल कोमट पाण्यात धुवा, पाण्यातच पाती उघडमीट करा, पुसा, वाळवा, सांध्यांना तेल द्या. फक्त नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, प्लास्टिक विरघळतं.

एका मुठीची धास्ती बाळगा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिंपल्यासारख्या, कासवाच्या पाठीसारख्या रंगीत मुठी सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकच्या बनवत. ते कालांतरानं विघटित होतं आणि नायट्रिक आम्लाची वाफ सोडतं. मुठीवर जाळीदार तडे, कापराचा किंवा नाकात झोंबणारा आंबट वास, खिळ्यांभोवती हिरवट घाम आणि शेजारच्या पात्यांवर अचानक आलेला गंज ही लक्षणं. असा चाकू बाकीच्यांपासून वेगळा, हवेशीर जागी ठेवा. हवाबंद डब्यात तर मुळीच नको. सेल्युलॉइड भडकन पेटतं, म्हणून त्याच्या जवळ गरम काही नेऊ नका.

आता धार. यात वेळ घाला.

फिरता ग्राइंडर का नको? पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उष्णतेनं उतरतं. धारेची कड इतकी पातळ असते की कोरड्या चाकावर ती एका क्षणात तापते. कडेला निळा रंग दिसला म्हणजे पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेलं आणि तेवढा भाग मऊ पडला. पुढे कितीही धार लावा, टिकणार नाही. खेचून धार लावायची ती छोटी खाचेची हत्यारंही नकोत, ती कड कुरतडतात.

हजार ग्रिटचा पाण्याचा दगड बहुतेक कामाला पुरतो (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). धारेत दात पडले असतील तरच चारशेचा घ्या, शेवटी तीन हजारचा असला तर उत्तम. दगड भिजवा, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही.

कोन कसा धरायचा हे सगळे विचारतात. पट्टीनं पात्याची रुंदी मोजा. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ रुंदीच्या पाव भागाइतकी उचलली की सुमारे साडेचौदा अंश होतात, एक तृतीयांश उचलली की साडेएकोणीस. आजोबांचं पातं १५ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे पाठ चार ते पाच मिलिमीटर वर. तेवढ्या उंचीची नाणी एकावर एक ठेवून पाठ एकदा टेकवून बघा, हाताला तो कोन कळतो. खात्री करायची तर धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवा आणि दगडावर दोनदा ओढा. शाई नेमकी कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर. फक्त वरची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त कडेची गेली तर फार वर.

एका बाजूनं बुंध्यापासून टोकापर्यंत सावकाश घासत राहा. जोर बोटांच्या वजनाइतकाच. टोकाशी पातं वळतं तिथे मूठ किंचित उचला, नाहीतर टोक गोल होतं. किती वेळा घासायचं याचा आकडा कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या बाजूला बर, म्हणजे वळून आलेली पोलादाची बारीक कड, येईपर्यंत घासायचं. पाठीकडून धारेकडे, बाहेरच्या दिशेनं अंगठा हलकेच सरकवला की कडेला धाग्यासारखं काहीतरी अडकतं, तोच बर. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नका. बर संपूर्ण लांबीभर जाणवला की पातं उलटा आणि दुसरी बाजू करा. मग एकेक बाजू आळीपाळीनं, जोर कमी कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, काही वेळा ओढा. उलटं केलंत तर पट्टा कापाल. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून वरच्या कडेतून कापा. अडकत, फाटत गेला तर तिथे बर राहिलाय.

आईच्या पात्यासारखी मधेच खोलगट झीज असेल तर ती सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. सपाट दगड त्या खळग्यात टेकत नाही, तेवढ्यापुरता दगडाचा गोलसर कोपरा वापरा. बाकीचं पातं खळग्याच्या पातळीला आणायचं म्हणजे तिच्या सगळ्या पेन्सिलींचा हिशेब पुसायचा, आणि पातंही निम्मं होईल.

वापरताना लक्षात ठेवा, या जुन्या चापाच्या चाकूंना लॉक नसतो. टोकानं भोसकायचं, खुपसायचं काम यांचं नाही. पातं उलटं मिटतं ते थेट बोटांवर. मिटवताना मुठीभोवती बोटं गुंडाळू नका, तळव्यानं पातं ढकला. पातं आडवं डुगडुगत असेल तर खिळ ठोकून घट्ट करता येते, पण जोराची एक हातोडी पडली की हाडाची मूठ तडकते. ते जाणकाराकडून करून घ्या किंवा डुगडुग तशीच राहू द्या. बाबांचा स्विस चाकू गेली कित्येक वर्षं डुगडुगतोय आणि रोज चालतोय.

ठेवताना चामडी म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातल्या रसायनांनी पितळ हिरवं आणि पोलाद काळंठिक्कर होतं. पात्यावर तेलाचा हात फिरवून सुती फडक्यात गुंडाळा. स्वयंपाकाचं तेल लावू नका, काही महिन्यांत त्याचा डिंक होतो आणि पातं परत अडकतं. वर्षातून दोनदा उघडून पुसलं तरी पुरे.

आणि विमानानं जाणार असाल तर निघायच्या आदल्या रात्रीच खिसे, पर्स आणि लॅपटॉपच्या बॅगेचा सगळ्यात आतला कप्पा तपासा. चाकू चेक-इन सामानात गेला तर ठीक. हातातल्या सामानात सापडला तर तो तिथल्या डब्यात टाकायला लावतात, मग तो कुणाचाही असो.