कॅलेंडरच्या मागचे पासवर्ड

आमच्या घरात चार बँक खाती आहेत. ह्यांचं केळीच्या पैशांचं, जिल्हा बँकेतलं पीककर्जाचं, नानांचं, म्हणजे सासऱ्यांचं, पेन्शनचं आणि माझं बचतीचं. हिशेब माझ्याकडे, म्हणून पासवर्डही माझ्याकडेच. रावेर तालुक्यात आता बऱ्याच घरांत वही सुनेच्याच हातात असते.

आधी मी सगळीकडे गावाचं नाव टाकायचे आणि शेवटी एक, दोन, तीन असा आकडा बदलायचे. एकदा कटाईचे मजूर ओट्यावर पैशांसाठी बसलेले, आणि कोणत्या खात्याला कोणता आकडा तेच आठवेना. तीनदा चुकलं, नेट बँकिंग बंद झालं. शेजारच्या काकूंकडून उसने आणून त्यांची मजुरी दिली. त्यानंतर सगळे पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले. पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत तेच पान मसाल्याच्या डब्यांखाली अंथरलेलं सापडलं. हळदीचा गोल डाग, आणि त्याच्या कडेला माझ्याच अक्षरात नानांच्या खात्याचा पासवर्ड. पोटात धस्स झालं. वर्षभरात किती जणांनी तो डबा उचलला असेल!

त्याच आठवड्यात बसून सगळं नीट लावलं. तुम्हीही तसंच करा, एका दुपारचं काम आहे.

सुरुवात बँकेपासून नको, ईमेलपासून करा. ज्याच्या हातात तुमचा ईमेल, तो बाकीचे बरेच पासवर्ड बदलून घेऊ शकतो. त्याला वेगळा, लांब पासवर्ड द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करा. मोबाइलला पिन हवाच, आणि तो यूपीआयच्या पिनपेक्षा वेगळा हवा.

मग पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप, घ्या. मी बिटवर्डन वापरते. फुकट आहे, मोबाइल आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतं. ते प्रत्येक बँकेसाठी वेगळा, कोणाला सुचणारही नाही असा पासवर्ड बनवतं आणि कुलपात ठेवतं. मला त्याचा सगळ्यात मोठा आधार वाटतो तो असा: बँकेसारखी हुबेहूब दिसणारी खोटी साइट उघडली, तर पत्ता जुळत नाही म्हणून ते पासवर्ड भरायला पुढेच येत नाही. तेव्हा हट्टाने हाताने टाइप करू नका, थांबा. रिझर्व्ह बँकेने आपल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ असा पत्ता घ्यायला लावलाय, तोही बघत जा.

या कुलपाची किल्ली, म्हणजे मॅनेजर उघडायचा मुख्य पासवर्ड, मात्र डोक्यात ठेवायची. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्या: ‘घागर सातपुडा बुधवार शेव रिकामी’ असे. (हे इथे छापलं, आता ते कोणीच वापरू नये.) घरच्या बोलीतले शब्द घेतले तर लक्षातही राहतात. देवाचं नाव, मुलांचा वाढदिवस, गाडीचा नंबर नको. ही किल्ली विसरलात तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही, म्हणून मी ती एका कागदावर लिहून कपाटाच्या लॉकरमध्ये दागिन्यांजवळ ठेवलीय. त्या कागदावर बँकेचं नाव नाही, काही नाही.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची धावपळ नको. त्यातूनच आकडे वाढवायची सवय लागते. बँकेने सांगितलं किंवा कोणाला कळल्याची शंका आली, की लगेच बदला. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे नानांनाही मी पाठ करून दिलंय.

तरी पैसे गेलेच, तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच घडीला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं: चूक ना आपली ना बँकेची, भलत्यानेच पैसे काढले, असं असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पासवर्ड आपणच सांगून बसलो असू, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

राहिली घरच्यांची गोष्ट. उद्या मला काही झालं तर ह्यांना कळायला हवं, पण त्यासाठी पासवर्ड वाटायची गरज नाही. माणूस गेल्यावर त्याच्या पासवर्डने पैसे काढायचे नसतात, नॉमिनीने बँकेत अर्ज करायचा असतो. म्हणून मी फक्त यादी केली: कोणती बँक, कोणती शाखा, नॉमिनी कोण. ती करताना कळलं, नानांच्या खात्याला नॉमिनी अजूनही सासूबाईच होत्या, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. सोमवारी नानांना घेऊन शाखेत गेले आणि फॉर्म भरून आले.