मोहाखालचा पाला जाळू नका

होळी तोंडावर आली की गडचिरोली-गोंदियात कोरची, कुरखेडा, देवरीकडे मोहाच्या झाडाखाली काडी लागायला सुरुवात होते. फूल वेचायला जमीन साफ हवी, हे खरेच. पण मागच्या पावसाळ्यात पडलेल्या टोळीतून, म्हणजे मोहाच्या बीतून, उगवलेली वीतभर रोपे त्याच पाल्यात उभी असतात. दरवर्षी आग, दरवर्षी रोपे खलास. म्हणूनच गावशिवारात मोह दिसतात ते आजोबांच्या वयाचे. नव्या झाडाला फुलावर यायला साधारण 10 वर्षे लागतात, म्हणजे आज जाळलेल्या रोपाचे फूल नातवंडांच्या टोपलीतून गेले.

दुपारचा वारा सुटला की तीच आग तणसीच्या गंजीला भिडते. राखीव जंगलात आग लावणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, तो वेगळाच. शिवाय ओलसर, गोड फुलाला राख चिकटते आणि व्यापारी तेवढ्यावरून भाव पाडतो.

फूल गळायच्या आधी, याच आठवड्यात, झाडाच्या घेराखालचा पाला खराट्याने ओढून काढा. रोप दिसले की भोवती तीन काटक्या रोवा, नाहीतर तेही खराट्याखाली जाईल. घेराखाली जुनी लुगडी शिवून जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांधली, तर झाडायचीही गरज फारशी उरत नाही. त्यासाठी महागडी जाळी घ्यायची काही गरज नाही.

ओढलेला पाला नाडेपमध्ये, म्हणजे खत कुजवायच्या टाक्यात, भरा. ही पद्धत पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांची, आपल्याच मुलुखातली. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच, भिंतीला हवेची भोके. विटा नसतील तर बांबूचे तट्टे चालतात. मोहाचा पाला चिवट असतो. आधी पायाने तुडवा आणि रात्रभर भिजवा. मग 6 इंच पाला, त्यावर 4 किलो शेण 125 ते 150 लिटर पाण्यात कालवून, त्यावर 50 ते 60 किलो चाळलेली माती. असे 10-12 थर लावून वरून शेणमातीने लिंपा. तडे पडले की पुन्हा लिंपा, नाहीतर ओल उडून पाला तसाच राहतो. तीन-चार महिन्यांत खत धानाच्या बांधीत टाकण्याजोगे होते. दुकानदार पाला कुजवायची बाटली दाखवेल. शेणकाला असताना ती घेऊ नका.

फुलाचे नेहमीचे काम:
- पहाटे वेचणी, उन्हे चढायच्या आत
- ताडपत्रीवर किंवा चटईवर पातळ थर, रोज उलटणे
- आभाळ भरले की लगेच घरात
- मुठीत दाबून गोळा झाला तर अजून कच्चे
- साठवण जमिनीपासून उंच, कोरड्या ढोलीत (कणगीत)

थंडी लांबली की फूल मागे पडते, असा जाणत्या बायांचा अंदाज असतो. त्यावर विसंबून पाला काढायचे काम मात्र पुढे ढकलू नका. 2020 मध्ये केंद्राने सुक्या फुलाची किमान आधारभूत किंमत किलोला 30 रुपये केली होती. बचत गटाच्या नावाने एकत्र वजन करून विका. दारावर येणाऱ्याच्या मापाला सुटे फूल घालू नका.

जूनच्या सुमारास टोळी पडेल. घाणीवर तेल काढून घ्या आणि उरलेली ढेप (पेंड) परत मागा. ती घाणीवाल्याला फुकट जाते. तिच्यात नत्र साधारण अडीच टक्के असते, पण सॅपोनिन हे विषारी द्रव्यही असते, म्हणून गुरांना कच्ची घालू नका. याच गुणामुळे मामा (माजी मालगुजारी) तलावात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे काढायला ती वापरतात: 1 मीटर खोल पाण्याला हेक्टरी 2,000 ते 2,500 किलो. त्यानंतर किमान तीन आठवडे थांबूनच बीज सोडा.

सगळी टोळी मात्र वेचू नका. तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, त्यामुळे ताजी असतानाच पाच-दहा बिया झाडापासून दूर, बांधाच्या कडेला टोचा. पुढच्या मार्चमध्ये तिथे काडी लागणार नाही, एवढे पाहा.